जेठाणी पुढे, देराणी मागे

माझी बायको गेल्या दसऱ्यानंतर गेली. त्याआधी धुळ्याच्या दवाखान्यात तिने मला एकच गोष्ट बजावली. पोराकडे लक्ष द्या म्हणाली नाही, तब्येत सांभाळा म्हणाली नाही. म्हणाली, "मनी पहिली आखाजीले मांडा धाकटीना हातनाच पाहिजेत. दुसरीना वाढशात ते मी परत धाडी देसू."

मेलेलं माणूस मांडे परत कसे धाडणार, हे मी विचारलं नाही. त्या बाईचं सांगता येत नव्हतं. धाडलेही असते.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, त्या घरी त्या दिवशी त्याच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आमरस आणि मांड्यांचं ताट करतात आणि एक घास तूप घालून निखाऱ्यावर टाकतात. त्याला आगारी म्हणतात. मांडे म्हणजे पुरणपोळीच, पण तव्यावरची नाही. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत धोतराच्या पानासारखी पातळ करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. एकटीचं काम नाही ते. एक बाई पोळी हातावर वाढवते, दुसरी खापरापुढे बसून जाळ सांभाळते, मांडा उलटते, काढते, घडी घालते. माझी बायको आणि तिची धाकटी जाऊ ही आमच्या गावातली मांड्यांची जोडी. लग्नाकार्याला शिंदखेड्यापर्यंत बोलावणं यायचं.

आता सांगणं सोपं होतं. जायचं, धाकटीला म्हणायचं, मांडे कर. पण धाकटी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, बेचाळीस वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. भांडण नाही, तंटा नाही. मी तिचा जेठ. आमच्याकडे जुन्या बायका जेठापुढे पदर नाकापर्यंत ओढतात आणि तोंड मिटतात. आताच्या पोरी पाळत नाहीत. माझी सून तर जळगावहून फोनवर मला दरडावते, "आबा, गोळी घेतली का?" धाकटीने मात्र सोडलं नाही. तिला काही सांगायचं असलं की ती माझ्या बायकोला सांगायची आणि बायको मला. मी तिथेच दोन हातांवर बसलेलो असलो तरी. मलाही तसंच करावं लागायचं. आता मधली बाईच गेली.

हा गुंता सुटला तो टेनिसमुळे. त्यातही बायकांच्या जोडीच्या टेनिसमुळे. हसू नका, सांगतो.

तीन वर्षांपूर्वी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना पाय लांब करून बसायचं होतं. आईने एका जागी बसावं म्हणून पोराने जळगावहून मोठा टीव्ही आणला, भिंतीवर ठोकला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या वाहिन्या लावून दिल्या. आई बसली एका जागी. उभा मी राहिलो, कारण खाटेवर तिचा पाय आणि रिमोट तिच्या मांडीखाली. चार दिवस तिने मालिका पाहिल्या. पाचव्या दिवशी म्हणाली, ह्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, मालिकांत जावा एकमेकींच्या दुधात काहीतरी कालवतात, आम्ही कालवलं का कधी? आणि रिमोट दाबत दाबत पुढे गेली. दुपारचे चार वाजले असतील. लाल मातीवर चार बायका उड्या मारत होत्या. ती थांबली.

धाकटी तेव्हा रोज चारला यायची, जेठाणीचे पाय चेपायला. आली, मला पाहून पदर ओढला आणि खाटेच्या पलीकडच्या बाजूला बसली. टीव्हीवर पाहते तर त्या बायकांचे झगे मांडीच्या वर. धाकटी पदराआड गारठली. माझ्यासमोर जिच्या कपाळावरची टिकली बेचाळीस वर्षांत मला नीट दिसलेली नाही, तिला माझ्यासोबत बसून हे पाहायचं होतं. मी मुकाट भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो. एकादशी कधी आहे ते पाठ झालं.

बायकोला त्याचं काही नव्हतं. ती विचारात पडली होती. "ह्या दोन्ही जावा शेतस का वं?"

धाकटीने पदराच्या फटीतून नीट पाहिलं. "जावाच शेतस. दखा ना अक्का. मांगली पयी पयी मरी राहिनी, नि फुढली जाळीपुढे कंबर वाकाईसन नुसती उभी. ती जेठानी."

"उभी नही. ध्यान ठेवस ती."

"हां. तुमीबी ध्यानच ठेवतस."

बायकोने तिच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हापासून आमच्या घरी टेनिसमध्ये जाळीपुढे उभी असते ती जेठाणी, थोरली जाऊ, आणि मागे पळते ती देराणी, धाकटी. खेळणाऱ्या बायकांची नावं आम्हाला कधी कळली नाहीत, वाचता आली नाहीत, लागलीही नाहीत. गावातल्यांचीच नावं दिली. एक उंच, पांढरी बाई होती, ती चेंडू मारताना गाय व्यायल्यासारखी ओरडायची. तिला आम्ही सरपंचीणबाई म्हणायचो.

मग रोजचा नेमच झाला. गुडघा बरा झाला तरी सुटला नाही. मधे बायको, अलीकडे मी, पलीकडे धाकटी.

"अक्का, त्यासले सांगा, पाय आवरा. माले दिसत नही."

"ओ, पाय आवरा. तिले दिसत नही."

"तिले सांग, फुढे सरक."

"फुढे सरक म्हणतस."

"अक्का, त्यासले सांगा, फुढे खाट शे."

असे निरोप चालायचे. तिघांत हातभर अंतर. टीव्हीवरच्या चौघी त्या मानाने फार लांब होत्या आणि तरी एकमेकींशी थेट बोलायच्या.

खेळाचे नियम आम्ही आमचेच बसवले. बायकोला मोजणी पटत नव्हती. "पंधरा, तीस, मंग चाळीस? पंचेचाळीस कोठे गयात?"

"पंचनी खाई टाकात," मी म्हणालो. तिला ते पटलं. तेव्हापासून ती उंच खुर्चीवर बसलेल्या पंचाकडे संशयाने पाहायची.

एका बाबतीत मात्र मी जिंकलो. ती एकदा म्हणाली, काय लाल माती आहे, आपल्या वावरात अशी असती तर! मी म्हणालो, माती नही ती, इटना भुगा शे. मी चौथी शिकलो आणि पुढचं सगळं आयुष्य वीटभट्टीवर काढलं. इतर कशात मला कळत नसेल, पण फुटक्या विटेचा चुरा मला दुरून ओळखू येतो. ती हसायला लागली. "भट्टी सोडीसन वीस वरीस व्हयनात, तुमले आजून इटाच दिसतस!" धाकटीही पदराआड हसली. दोघींनी मिळून आठवडाभर माझी विटांवरून चेष्टा केली. भाकरी लाल झाली की 'इट व्हयनी'. मग नातीने जळगावहून फोनवर शोधून सांगितलं की आबा बरोबर आहेत, तो विटेचाच चुरा असतो. त्या दिवशी मी चहा मागितला नाही, तरी मिळाला. माझ्या संसारातला हा एक निर्विवाद विजय. दुसरा आठवत नाही.

आणि मग ती खुणेची गोष्ट. जाळीपुढची बाई आपला एक हात पाठीमागे नेते आणि बोटांनी काहीतरी दाखवते. समोरच्या दोघींना दिसत नाही, मागच्या जोडीदारणीला दिसतं. ते पाहिलं आणि माझी बायको खाटेवरून पडायची राहिली. "देख वं! आपली खूण! आपली खूण चोरी राहिन्यात!"

मला काही कळेना. मग दोघी हसत हसत सांगू लागल्या. लग्नाच्या स्वयंपाकात गोंगाट असतो, धूर असतो, व्याही-विहिणी डोक्यावर उभ्या असतात. खापर फार तापलंय, थांब, असं मोठ्याने सांगितलं तर विहीण म्हणणार, ह्यांना जमत नाही. म्हणून बायको खापरापुढे बसून पाठीमागे हात न्यायची. खूण दिसली की मागे उभी असलेली धाकटी तसं करायची. चाळीस वर्षं चाललं होतं हे. मी शंभर वेळा त्या चुलीशेजारी उभा राहून गरम मांडा मागून खाल्ला असेल. मला तो हात कधी दिसला नाही. मला मांडा दिसायचा.

बायकोला सगळ्यात आवडायची ती टाळी. प्रत्येक फटक्यानंतर त्या दोघी एकमेकींजवळ जातात आणि तळहाताला तळहात लावतात. जिंकलं तर लावतात हे ठीक. पण चेंडू जाळीत घातला तरी लावतात. "चुकनी तरी टाळी?" बायको म्हणाली. ती मूळची कडक बाई. मांडा फाटला की धाकटीचे पूर्वज काढायची. पण त्या वर्षी आखाजीला धाकटीचा एक मांडा खापरावर दुमडला, तेव्हा हिने पिठाचा हात पुढे केला. धाकटीला वाटलं मार मिळतोय. ती मागे सरकली. हिने हात तसाच ठेवला. मग धाकटीने घाबरत घाबरत टाळी दिली. नंतर घरात याचा सुकाळ झाला. मी दूध उतू घालवलं तरी हात पुढे. शिव्या परवडल्या असत्या.

एकदा मात्र त्या दोघी खरोखर दुखावल्या. आमची एक आवडती जोडी होती, खूप दिवस पाहत होतो. एका दुपारी त्यातली मागे पळणारी भलत्याच बाईसोबत खेळायला उभी.

"अक्का, तिनी जोडी बदली टाकी!"

"हाय माय!"

त्या दिवशी दोघींना चहा गेला नाही. टेनिसमध्ये जोडी जन्माची नसते, आज ही, उद्या ती, हे त्यांना तेव्हा कळलं. बायको म्हणाली, "आपले नही बदलनी वं जोडी." धाकटी म्हणाली, "नही ते काय!" आणि पाय चेपायला लागली. गुडघा कधीचा बरा झाला होता.

गेल्या पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. पाणी भरायला जायची आणि कडप्प्यावर टेकायची. धुळ्याला नेलं. पंधरा दिवस तिथे होतो. पोरगा जळगावहून ये-जा करायचा, धाकटी घर सांभाळायची, मी खुर्चीवर. शेवटच्या दोन दिवसांत ती बोलायची नाही. एकदा दुपारी तिने चादरीतून हात काढला आणि तळवा माझ्याकडे केला. मला वाटलं पाणी मागते. मी ग्लास दिला. तिने एक घोट घेतला, माझं मन राखायला. मग हात परत चादरीत गेला.

घरी आल्यावर टीव्ही बंद केला. त्यावर तिची साडी टाकली. सहा महिने तसाच. धाकटी सकाळी ओट्यावर भाकरी-भाजीचा डबा ठेवायची, भिंतीवर बोटाने टकटक करायची आणि निघून जायची. मी दार उघडेपर्यंत डब्याशिवाय काही नाही.

आखाजी जवळ आली तेव्हा सुनेचा फोन आला. "आबा, धुळ्याच्या बायका ऑर्डरचे मांडे करतात. छान असतात. आम्ही येताना घेऊन येऊ." पोरीचा हेतू चांगला. पण विकतच्या मांड्यांविषयी माझ्या बायकोचं मत मला माहीत होतं. ती म्हणायची, ते मांडे नाहीत, रुमाल आहेत, घडी घालून खिशात ठेवा. मी म्हणालो, नको.

मग भावाला मध्ये घातलं. भाऊ नरडाण्याला एका कारखान्यात वॉचमन आहे. चांगला माणूस, पण बोलणं म्हणजे त्याला ओव्हरटाइम वाटतो.

"घरमा सांग, आखाजीले मांडा करना शेतस."

"हां."

दुसऱ्या दिवशी विचारलं, सांगितलं का? "हां. राही गयं." तिसऱ्या दिवशी सांगितलं. चौथ्या दिवशी उत्तर आणलं. "ती म्हणस, नही."

"काबरं?"

"ते मी इचारं नही, नाना."

असा जोडीदार घेऊन कोणी पहिल्या फेरीतही टिकणार नाही. मी त्याला चहा पाजला आणि घरी धाडला.

का नाही म्हणते, ते मला कळत होतं. जोडी बदलायची नाही असं ती बोलून बसली होती. शिवाय खापरापुढे बसणार कोण? तिची सून पुण्याला. शेजारणी तव्यावरच्या. मला राग यायला पाहिजे होता, पण येईना. ताट मात्र डोळ्यापुढे दिसत होतं, आमरस आहे, कुरडई आहे आणि मांड्याच्या जागी रुमाल. आणि पलीकडे ती, ताट सरकवून देताना.

त्या दुपारी मी टीव्हीवरची साडी काढली. घडी केली, जमली नाही, तशीच खाटेवर ठेवली. टीव्ही लावला. लाल मातीचे दिवस सुरू झाले होते. आवाज मोठा केला. आणखी मोठा केला. माझे कान चांगले आहेत. भिंतीपलीकडे भावाच्या घरात ऐकू जावं म्हणून.

सरपंचीणबाई दोनदा ओरडली तेव्हा दारात सावली आली. धाकटी आत आली नाही. उंबऱ्यात बसली, पदर ओढून, तोंड टीव्हीकडे. आमच्या मध्ये रिकामी खाट आणि त्यावर ती साडी.

बोलणार कोणामार्फत? पडद्यावर एक बाई नव्या जोडीदारणीबरोबर खेळत होती. दोघींचं जुळत नव्हतं. एकीच्या अंगावर दुसरी जात होती. चेंडू मधूनच निघून जात होता आणि दोघी एकमेकींकडे पाहत होत्या. तरी प्रत्येक वेळी जवळ येऊन तळहाताला तळहात लावत होत्या. धुळ्याच्या त्या ग्लासाचा अर्थ मला तेव्हा लागला. सहा महिने उशिरा. मी चष्मा पुसला. तो स्वच्छ होता.

तेवढ्यात धाकटी बोलली. टीव्हीतल्या बाईला म्हणाली, "माय, तुनी पहिली जोडीदारीन कोठे गयी?"

मी पण टीव्हीकडेच पाहत होतो. त्याच बाईच्या वतीने म्हणालो, "तिना पाय दुखी राहिना व्हई."

"मंग घर बसानं. दुसरीले कसाले लयी उनी?" धाकटी टीव्हीला म्हणाली.

"घर बसीसन काय करी? मॅच ते सरस नही, चालूच राहस."

"नवीले काहीच येत नही. बठ्ठा चेंडू जाळीमा."

"शिकी. पहिला दिन कोणीबी चुकस."

धाकटी एकदम त्या परदेशी पोरीवर चिडली. "आन खापरफुढे कोण बसी, ते सांग माले!"

पोरगी सर्व्हिस करत होती, तिने काही उत्तर दिलं नाही. मी दुसऱ्या पोरीला म्हणालो, "तिले सांग माय, मी बसस."

उंबऱ्यातून कसलातरी आवाज आला. मला आधी वाटलं रडते. पदर हलत होता. हसत होती. "भट्टीवाला मानूस!" ती सरपंचीणबाईला म्हणाली. "खापरनी इट करी टाकी."

"इट ते इट. पन पक्की व्हई."

सरपंचीणबाईने चेंडू मारला आणि ओरडली. धाकटी उठली आणि गेली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण संध्याकाळी भाऊ आला आणि पहिल्यांदाच न विचारता बोलला. "गहू भिजाडात तिनी." मांड्यांचे गहू आधी भिजवून, वाळवून, दळून पीठ वस्त्रगाळ करावं लागतं. म्हणजे ठरलं.

आखाजीच्या सकाळी तिने मागच्या अंगणात चूल मांडली. खापर माझ्या बायकोचंच. मी आंघोळ करून पाटावर बसलो, उलथणं घेतलं, पाठ धाकटीकडे. तिने पुरण भरून पोळी लाटली, मग हातावर घेतली. माझ्या कानामागे पोळीचा फट्-फट् आवाज यायला लागला, ह्या हातावरून त्या हातावर. चाळीस वर्षं हा आवाज ऐकत होतो, पण पाठीमागून नाही.

आता खूण माझ्याकडे होती. टीव्हीवर त्या बायका मूठ दाखवतात आणि मग मागची सर्व्हिस मारते, हे मी पक्कं पाहिलं होतं. खापर तापलं असं दिसलं तशी मी पाठीमागे मूठ केली. म्हणजे टाक. काही पडेना. मी मूठ आणखी आवळली. काही नाही. मी मूठ वर-खाली हलवली. मागे फट्-फट् चालूच. शेवटी वळून पाहिलं तर पोळी तिच्या हातांवर गुडघ्यापर्यंत लोंबत होती, धाकटी कोपरं वर करून उभी, चेहरा लाल, तोंड गच्च मिटलेलं. तेव्हा आठवलं, दोघींनी सांगितलं होतं, आमच्या घरात मूठ म्हणजे थांब. पंजा म्हणजे टाक. बेचाळीस वर्षांचा नेम, ती बोलू शकत नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत मांडा मधोमध फाटला आणि अंगणात पडला. कुत्र्याची आखाजी झाली.

दुसऱ्याला मी पंजा केला. मांडा खापरावर सुरेख पसरला. पण जाळ मी भट्टीच्या हिशेबाने घातलेला. मी उलथणं लावेपर्यंत खालून धूर. काढला तो एका अंगाने काळा, एका अंगाने कच्चा. आमच्या धंद्यात अशा विटेला गिऱ्हाईक नसतं.

मी मान खाली घालून बसलो. वाटलं, ती आता उठेल. तिच्या जेठाणीने असा मांडा जन्मात काढला नव्हता. मागून पावलं आली. माझ्या उजव्या अंगाला एक लाटणं पुढे आलं, पिठाने माखलेलं, आणि हवेत थांबलं. मला कळेना. जेठाने आणि धाकट्या भावजयीने एकमेकांना शिवायचं नसतं. टाळी कशी देणार? मग आठवलं, कधीकधी त्या बायका हाताऐवजी रॅकेटला रॅकेट लावतात. मी उलथणं उचललं आणि लाटण्याला टेकवलं. टक्क. लाटणं मागे गेलं.

यावेळी मी चुकलो नाही. ग्लास दिला नाही.

त्यानंतर जाळ कमी केला. खापराचा रंग पाहत बसलो. वीट भाजताना रंगावरून आच कळते, तसं खापराचंही असतं, थोडं नाजूक असतं एवढंच. मूठ, पंजा, मूठ, पंजा. पाचवा मांडा बरा झाला. सातवा तर असा आला की मला वाटलं वळून कोणाला तरी दाखवावा. वळलो नाही. घडी घातली. घडी वाकडी आली, पण मांडा पातळ होता, त्यातून माझी बोटं दिसत होती.

दुपारी पोरगा, सून, नात आली. घागर भरली, वर आंबे ठेवले. ताट वाढलं. आमरस, कुरडई, भजी आणि वाकड्या घडीचे दोन मांडे. सून म्हणाली, "आबा, हे कोणी केले?" मी म्हणालो, "धाकटीनी. मी फुढे नुसता उभा व्हतू." मग पोराने निखारा आणला, तूप घातलं, मी मांड्याचा एक तुकडा त्यावर ठेवला. धूर सरळ वर गेला. परत काही आलं नाही.

मी तिथेच उभा होतो. पाठीमागून हळूच आवाज आला. ओळखीचा आवाज, पण माझ्याकडे तोंड करून कधी न आलेला.

"नाना, हात खाले करा आते. मॅच सरनी."

पाहतो तर माझा डावा हात पाठीमागे, पंजा उघडा. मी वळलो. धाकटीचा पदर कपाळावर होता, टिकली दिसत होती. हिरवी आहे.